एकतीस ते छत्तीस

३१

बायको: ...सापडली कात्री. आता कुठून कापू तेवढं सांगा.

फोटोवाला: कुठूनच नाही. ठेव ती खाली.

बायको: चार वाजता त्यांची गाडी येणार. सव्वातीन झालेत. एकदा खोकी संग्रहालयात गेली की बसा मग हात चोळत.

फोटोवाला: अगं, निगेटिव्हला कात्री लावत नाहीत. आमच्या धंद्यात...

बायको: तुमच्या धंद्यात काय काय करत नाहीत ते मला पाठ आहे. बोटं लावत नाहीत, फुंकर मारत नाहीत, आणि जेवताना कॅमेरा टेबलावरून उचलून ठेवत नाहीत. ही बघा पट्टी. कडेला धरलीय, उगाच ओरडू नका.

फोटोवाला: खिडकीशी धर. आकडे वाच.

बायको: एकतीस, बत्तीस, तेहेतीस... छत्तीस. सहाच आहेत.

फोटोवाला: एका रोलच्या अशा सहा पट्ट्या होतात. ही शेवटची. एकतिसात काय आहे?

बायको: बघा की तुम्हीच.

फोटोवाला: मला काठ दिसतो फक्त. मधे धुकं. काल डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं ना?

बायको: सांगितलं. जन्मभर सगळ्यांच्या अधेमधे घुसलात, आता बसा काठावर. एकतिसात भिंतीला टेकवलेलं स्ट्रेचर आहे. रिकामं. त्याच्यावर टोपी, पुढे दिवा असलेली.

फोटोवाला: खाणीतली. म्हणजे रोल तोच.

बायको: तोच आहे हे मी खोक्यावरची धूळ बघून सांगितलं असतं. चाळीस वर्षांत हात लावला नाहीत ह्याला. आणि शेवटच्या दोनमध्ये आपण आहोत ना.

फोटोवाला: शेवटच्या दोनमध्ये आपण प्रत्येकच रोलमध्ये आहोत.

बायको: उपकार झाले! आठ-आठ दिवसांनी घरी आलेला माणूस, दार उघडलं की पहिलं वाक्य काय? ‘हलू नकोस, दोन उरल्यात.’ बूट काढले नाहीत, कशी आहेस विचारलं नाही. आणि मागे तो साप्ताहिकाचा फटफटीवाला, इंजिन सुद्धा बंद करायचा नाही. एक माझा काढायचा, मग कॅमेरा माझ्या हातात, मी एक तुमचा काढायचा, रोल संपला, काढला, त्याच्या पिशवीत टाकला की निघाला भर्रकन.

फोटोवाला: रोल अर्धवट कसा पाठवायचा? दोन फ्रेम फुकट घालवायच्या, त्यापेक्षा...

बायको: त्यापेक्षा बायकोवर घालवायच्या. लेकीचा पहिला दात कुठे आहे? पूल कोसळला त्या रोलवर. माझी आई शेवटची आली होती ती? कुठल्याशा राष्ट्राध्यक्षाच्या मागोमाग. त्याने हात हलवलाय, पुढच्या फ्रेममध्ये माझी आई खोकतेय.

फोटोवाला: चांगला आलाय तो. आईचा.

बायको: बाकीचं सगळं जाऊ दे. दात जाऊ दे, आई जाऊ दे, जगाने बघू दे. ह्या एका रोलच्या दोन मला द्या. चौतीस आणि पस्तिसाच्या मधे एकदा कात्री मारते, चुलीत टाकते, संपलं.

फोटोवाला: चूल कुठाय तुझ्याकडे?

बायको: गॅसवर जाळते! विषय बदलू नका.


३२

फोटोवाला: पस्तिसातली ‘वाट पाहणारी’ तुला नकोशी झाली?

बायको: मला ती कधी हवी होती? केस ओले. एक हात कडीवर, दुसऱ्याची मूठ तोंडावर. ज्यांनी त्यांनी लिहिलं, ‘दाबून धरलेला हुंदका’. कसला हुंदका? मी तुम्हाला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मागे फटफटीवाला दिसला, म्हणून मूठ ठेवली तोंडावर.

फोटोवाला: काय शिवी होती?

बायको: आता आठवत नाही.

फोटोवाला: आठवते.

बायको: आठवते. सांगणार नाही. आणि ते पोरांच्या पाठ्यपुस्तकात गेलं, अहो! खाली काय, तर ‘दुर्घटनेनंतर पतीची वाट पाहणारी खाणकामगाराची पत्नी’. लेक शाळेतून आली ती पुस्तक उघडं धरूनच. ‘आई, तू खाणीत कधी होतीस?’

फोटोवाला: साप्ताहिकाला बायकांचा फोटो हवा होता. अंक छपाईला चाललेला. समोर सगळा रोल एका कागदावर छापून ठेवलेला, बोटाएवढ्या बोटाएवढ्या फ्रेम. वर भिंग ठेवलेलं. शेवटच्या दोनवर संपादक नेहमी लाल पेन्सिलीने फुली मारायचा, त्याला ठाऊक होतं त्या घरच्या. त्या दिवशी तो तापाने आडवा. त्याच्या जागी दुसराच बसलेला. त्याने भिंग फिरवलं. त्याला बाई दिसली, दार दिसलं, चेहरा दिसला. आधीच्या सगळ्या फ्रेम खाणीच्या. त्याने लाल चौकोन केला.

बायको: इतकी वर्षं फुली. एकदाच चौकोन, तोही दुसऱ्याच्या बायकोच्या नावाने.

फोटोवाला: मी तेव्हा पुराच्या कामावर. अंक हातात पडला तो बारा दिवसांनी, बोटीत. कुणीतरी त्यात साबण गुंडाळला होता.

बायको: आणि परत आलात तेव्हा बक्षीस जाहीर झालेलं.

फोटोवाला: तीन वेळा पत्र लिहिलं संपादकाला. ‘फोटोतली बाई खाणीतली नाही, माझी बायको आहे.’ एवढंच.

बायको: आणि?

फोटोवाला: तीन वेळा फाडलं.

बायको: मग आता कशाला उकरता? पस्तीस आणि छत्तीस शेजारी राहिल्या की शाळेतल्या पोरालाही कळेल. तेच दार, तीच कडी, तोच दाराचा गेलेला पोपडा. पस्तिसात मी, छत्तिसात त्याच दारात तुम्ही. लोक म्हणतील, म्हातारा खोटारडा निघाला. एकावरून सगळ्याच फोटोंवर संशय घेतील. एवढी तंगडतोड केलीत, त्याचं काय?


३३

(काळी. लेन्सवर झाकण होतं.)


३४

बायको: तेहेतीस काळी आहे हो. म्हणजे निगेटिव्हवर पांढरी. अगदी कोरी काच.

फोटोवाला: तिथे त्या आहेत.

बायको: कोण?

फोटोवाला: खऱ्या वाट पाहणाऱ्या. फाटकापाशी बसलेल्या. सहा दिवस मी तिथे होतो, सहाही दिवस त्या तिथेच होत्या, आणि मी त्यांच्यावर कॅमेरा रोखला नाही. पंपांचे फोटो काढले, दोरांचे काढले, चहाच्या पिंपाचा काढला. सहाव्या दिवशी वाटलं, आता काढायलाच हवा. त्या सगळ्या एकदम वर बघत होत्या, खाणीतला पाळणा वर ओढणाऱ्या चाकाकडे. चाक फिरायला लागलं होतं. मी दाबलं.

बायको: झाकण लावून.

फोटोवाला: कोळशाची भुकटी उडायची म्हणून लावून ठेवायचो. त्या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी आणि लेन्स वेगळी. झाकण असलं तरी आपल्याला सगळं छान दिसतं. फोटो मात्र येत नाही. आमच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी ही गाढवचूक केलेली असते.

बायको: विसरलात?

फोटोवाला: विसरलो असं म्हणतो.

बायको: मग झाकण काढून परत घ्यायचा.

फोटोवाला: काढलं. तोवर त्या उठल्या होत्या. प्रेतं वर आणायला सुरुवात झाली होती. मग मी कॅमेरा तसाच वर केला आणि चाकाचा फोटो काढला. चौतीस. दोन उरल्या. त्या ठेवल्या.

बायको: उरल्या.

फोटोवाला: ठेवल्या. तुला काय वाटतं, प्रत्येक रोलमध्ये बरोब्बर दोनच उरायच्या? चौतीसला हात आवरायचो मी. एकदा एक मंत्री जिन्यावरून गडगडत खाली आला, माझा आकडा चौतीस. नाही काढला. संपादक आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

बायको: ...हे मला आज सांगताय.

फोटोवाला: तू विचारलं नव्हतंस.

बायको: मग मीही एक सांगते, जे तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही आलात त्या सकाळी रेडिओवर सांगितलं होतं. आदल्या दिवशी आत पुन्हा छत खाली आलंय, आणि वर्तमानपत्राकडून आलेला एकजण खाली गेला होता तो सापडत नाही. नाव सांगितलं नाही. मी डोकं धुवत होते. तशीच दारात येऊन उभी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. केस पाठीवरच वाळायला लागले होते.

फोटोवाला: तो दैनिकाचा होता. दुसऱ्या बाजूने वर आला, धडधाकट.

बायको: ते मला कुठे माहीत? आणि गल्लीच्या तोंडाशी फटफटी, तिच्यावर मागे बसलेले तुम्ही, काळेकुट्ट, दात तेवढे पांढरे. आणि म्हणता काय, तर हलू नकोस, दोन उरल्यात!

फोटोवाला: म्हणून शिवी.

बायको: म्हणून शिवी.

फोटोवाला: चाळीस वर्षं बोलली नाहीस.

बायको: अजून आहे. अंक आल्यावर लोकांनी त्या बाईसाठी पार्सलं पाठवली. स्वेटर, घोंगड्या, एकाने तर शिवणयंत्र. तुम्हाला तिचा पत्ता ठाऊक असेल म्हणून साप्ताहिकाने सगळी आपल्याकडे आणून टाकली, तुम्ही पुरात. मी काय करणार? लेकीला शेजारी ठेवलं, टेम्पो केला आणि खाणीच्या वस्तीत नेऊन वाटलं. सबंध दिवस. कुणी ओळखलं नाही मला. अंक तिथेही पोचला होता, सगळ्या आपापसांत विचारत होत्या, ही कुठल्या गल्लीतली? एक म्हातारी मात्र माझ्याकडे बघतच राहिली. सगळ्या गेल्यावर जवळ आली. म्हणाली, ‘बाई, ही तूच ना?’ मी मान हलवली. म्हणाली, ‘तुझा आला का परत?’

फोटोवाला: मग?

बायको: काय सांगणार? म्हटलं, आला.

फोटोवाला: काय म्हणाली ती?

बायको: म्हणाली, ‘मग बरं झालं.’ आणि घोंगडी घेऊन गेली. तिचे दोन गेले होते, मुलगा आणि जावई. ते मला तिच्या शेजारणीने नंतर सांगितलं. म्हणून म्हणते, कापून टाका. मला तो फोटो बघवत नाही. आला माझा परत. वाट बघितल्याचं बक्षीसही मलाच, हे काही बरं दिसत नाही.

फोटोवाला: कापलं तरी छापलेला फोटो आहेच, संग्रहालयाच्या भिंतीवर तूच राहशील कायमची, त्यांच्या नावावर. न कापलं तर निदान कुणाला तरी कळेल की त्या माझ्या फोटोत आल्याच नाहीत.

बायको: आणि तुमचं नाव?

फोटोवाला: माझं नाव मला आता नीट वाचता पण येत नाही. काठावरची दोन अक्षरं दिसतात.

बायको: नाटकं नकोत.


३५

संग्रहालयवाली: येऊ का? दार उघडंच होतं. नमस्कार सर. नमस्कार आजी.

बायको: हे सर आणि मी आजी. चांगलं आहे.

संग्रहालयवाली: सॉरी, म्हणजे... काकू?

बायको: आजीच बरं. बस. त्या खोक्यावर नको, त्यात महापूर आहे. इकडे खुर्चीवर बस.

संग्रहालयवाली: एकूण खोकी एकशे अठरा, बरोबर? मला एक नोंद तपासायची होती. परवा यादी करताना खाणीच्या रोलच्या पाच पट्ट्या सापडल्या. सहावी सापडत नाही. एकतीस ते छत्तीस. आणि नेमकी तीच हवी, कारण ‘वाट पाहणारी’ त्यावरच असणार.

फोटोवाला: हं.

संग्रहालयवाली: आजी, तुम्ही पाहिलीत का कुठे?

बायको: चहा घेशील?

संग्रहालयवाली: नको, आत्ताच घेतला. तसं ती मिळाली नाही तरी काम होईल, आमच्याकडे जुनी प्रिंट आहे. पण मूळ निगेटिव्हवरून केली तर चेहरा स्वच्छ येईल. पहिली अख्खी भिंत तिची आहे. बारा फूट उंच. उद्‌घाटनाला आम्ही खाणीतल्या कुटुंबांना बोलावलंय. एक्केचाळीस जण गेले होते ना, त्यांच्यातल्या तेवीस घरांचा पत्ता लागला. मी स्वतः जाऊन आले.

बायको: त्यांच्या घरचे येणार?

संग्रहालयवाली: हो! फार उत्सुक आहेत. म्हणजे, खरं तर तिथे थोडी भांडणंच आहेत. तीन घरं म्हणतात, ती बाई आमची. एका बाईंनी तर शपथेवर सांगितलं, ही माझी आजी. त्यांनी आजीला पाहिलेलं नाही, तिचा दुसरा फोटोही नाही. पुस्तकातलं ते पान कापून घरात लावलंय. मला म्हणाल्या, ‘माझ्या हनुवटीकडे बघा, तशीच आहे की नाही?’

फोटोवाला: आहे का?

संग्रहालयवाली: मी म्हटलं आहे. काय म्हणणार, सर? त्यांना त्या भिंतीखाली उभं राहून फोटो काढून घ्यायचाय.

बायको: अहो.

फोटोवाला: मी काही बोललो नाही.

बायको: बोलला नाहीत, पण त्या तोंडाने गप्प बसू नका. मुली, माझ्या हनुवटीकडे बघ.

संग्रहालयवाली: काय?

बायको: बघ म्हणते ना. उजेडात. आता केस ओले समज, ही अशी मूठ तोंडावर... ओळखीचं वाटतं काही?

संग्रहालयवाली: ...आजी.

बायको: हं. घे. साखरेच्या डब्याखाली ठेवली होती पट्टी. कडेने धर, नाहीतर हे ओरडतील.


३६

संग्रहालयवाली: पण मग... सर, मग भिंतीवर काय लावायचं? पत्रिका छापून झाल्यात.

फोटोवाला: ही पट्टी लाव. पूर्ण. एकतीस ते छत्तीस, सहाच्या सहा सारख्या मोठ्या. काळीसुद्धा.

संग्रहालयवाली: काळीखाली काय लिहू?

फोटोवाला: लेन्सवर झाकण होतं, असं लिही. माझ्या नावाने.

बायको: एवढ्याने भागायचं नाही. तिथे फाटकाशी कोण कोण बसलं होतं त्यांची नावं लिहायची. मला सात जणींची माहीत आहेत, फाटकाशी बसलो होतो असं त्यांनीच सांगितलं, कुणाला काय दिलं ते लिहिताना वस्तीतच लिहून घेतली मी. वही आहे माझ्याकडे. बाकीची ती तेवीस घरं सांगतील. त्या हनुवटीवालीला माझ्याकडे आण आधी, उद्‌घाटनाच्या आधी. मी सांगेन तिला. हे तू सांगायचं नाहीस, आणि ह्यांनी तर नाहीच.

संग्रहालयवाली: आणि पस्तिसाखाली? ‘वाट पाहणारी’ खोडू?

बायको: खोडायचं कशाला? वाटच बघत होते. फक्त कुणाची ते लिही.

फोटोवाला: आणि शिवीचं?

बायको: तुम्ही गप्प बसा.

संग्रहालयवाली: एक विचारू? हा छत्तिसावा... दार तेच आहे. पण हा माणूस कोण? म्हणजे शर्ट आहे, गळ्यात कॅमेऱ्याचं पाकीट आहे, हनुवटी आहे. भुवयांच्या वर काहीच नाही.

बायको: हे महाशय. मी काढलेला. माझे सगळे असेच येतात. एकशे अठरा खोक्यांत शोध, ह्या माणसाचं अख्खं डोकं तुला एकदाही सापडणार नाही. मी काचेतून नीट बघते हो, अगदी केसांपासून सगळं बसवते. छापून येतं तेव्हा डोकं गायब. लेक म्हणायची, आईचा हात जड आहे.

संग्रहालयवाली: हात नाही आजी, तो कॅमेराच तसा. बघायची काच वर बसवलेली आणि लेन्स तिच्या खाली. लांबून काही फरक पडत नाही. पण अगदी जवळ उभं राहिलं की तुम्हाला दिसतं ते वेगळं आणि फिल्मवर येतं ते वेगळं. वरचा भाग कापला जातो. चार पावलं मागे गेलं असतं तर डोकं आलं असतं. हे सगळ्या फोटोग्राफरना ठाऊक असतं. पहिल्याच दिवशी शिकवतात.

बायको: पहिल्याच दिवशी?

संग्रहालयवाली: हो. सरांनी सांगितलं नाही तुम्हाला?

बायको: अहो, इकडे बघा. काठाने बघा हवं तर. एवढी वर्षं मी तुमचं डोकं उडवतेय, लेक मला हसतेय, आणि तुम्हाला माहीत होतं?

फोटोवाला: होतं.

बायको: मग एकदा तरी सांगायचं नाही का, मागे हो म्हणून?

फोटोवाला: सांगितलं असतं तर मागे झाली असतीस.